नावं न ठेवता एक जेवण

आमचे सासरे चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदारांचे तराजू आपोआप खरं बोलायला लागत, असं ते स्वतःच सांगतात, तेव्हा खरं असणारच. निवृत्तीनंतर तपासायला दुकानं उरली नाहीत, म्हणून सगळी मेहनत ते ताटावर घेतात. पहिला घास तोंडात गेला की डोळे मिटून जरा थांबायचं आणि निकाल द्यायचा. मीठ चिमूटभर कमी. भात एक वाफ जास्त. भाजी कालच्यापेक्षा बरी, म्हणजे कालची काय लायकीची होती ते बघा. घरात सगळे त्यांना पाठीमागे तपासनीस म्हणतात. पाठीमागे, कारण समोर म्हटलं तर ते खूश होतील.

हॉटेलात तर विचारूच नका. मॅनेजरला बोलावणं झाल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. तो येऊन, ऐकून, माफी मागून जाईपर्यंत सासूबाई ओशाळून बसणार आणि जेवण गार होणार. त्यामुळे मी आणि बायकोने त्या दोघांना परदेशात सुट्टीला चला म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी ना विमानाची चौकशी केली, ना थंडीची. नवऱ्यापुढे एकच अट ठेवली.

"तिथे एक जेवण मला नावं न ठेवता जेवायचंय. एकच. तोंडातून ब्र काढायचा नाही."

"मी कुठे नावं ठेवतो?" तपासनिसांनी विचारलं. त्यावर आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, तेव्हा ते कबूल झाले.

ते जेवण सुट्टीच्या चौथ्या दिवशी ठरलं. माझी बायको कुठल्याही गावात पाय ठेवण्याआधी तिथल्या हॉटेलांचे तारे फोनवर मोजून ठेवते. "बाबा, उद्या दुपारी तापासला जाऊ," ती म्हणाली.

बाबांचा चेहरा उजळला. "कसला तपास?"

"तपास नाही हो, तापास. छोट्या छोट्या बशांमधून वेगवेगळे पदार्थ येतात. सगळ्यांनी वाटून खायचे."

"म्हणजे चाखायला?"

"नाही. तेच जेवण."

तपासनिसांनी तोंड उघडलं. सासूबाईंनी नुसतं बघितलं. तोंड मिटलं.

हॉटेलला पाचपैकी चार पूर्णांक आठ दशांश तारे होते. कापलेले दोन दशांश बहुधा जेवणाचे असावेत. टेबलाच्या जागी उभं पिंप होतं आणि खुर्च्यांच्या जागी उंच स्टुलं. पिंपाखाली गुडघे घालायला जागा नसते, ही गोष्ट हॉटेलवाल्यांना अजून कुणी सांगितलेली नसावी. सासूबाईंना आम्ही दोन बाजूंनी धरून वर चढवलं. त्यांचे पाय अधांतरी लोंबकळत होते, पण चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता.

वेटरबाईंनी हसून सांगितलं की पदार्थ जसे तयार होतील तसे येतील. पाऊण तास काहीच तयार झालं नाही. मग एका बशीत चार ऑलिव्ह आले, माणशी एक. मग पावाचे तुकडे, ज्यांच्यावर टोमॅटो चोळून परत काढून घेतला होता. शेवटी बटाटे. खाणारे चौघं, फोडी सहा. वरून लालभडक सॉस, बाहेरून कोमट, आतून कच्च्या. मी एक फोड चावली तर करकर आवाज शेजारच्या पिंपापर्यंत गेला.

आता सगळ्यांचे डोळे तपासनिसांकडे लागले. सासूबाईंनी काटा हवेतच धरून ठेवला. तपासनिसांनी फोड तोंडात घातली, डोळे मिटले. कपाळावरची शीर उडायला लागली. चौतीस वर्षांची नोकरी घशाशी आली होती. पण त्यांनी ती बटाट्यासकट गिळली, वर पाणी प्यायले आणि हसून म्हणाले, "छान आहे."

खोटं कशाला बोलू, मला त्यांचा अभिमान वाटला. बायको तर टाळ्याच वाजवणार होती. सासूबाईंनी काटा खाली ठेवला.

"काय म्हणालात?"

"छान आहे म्हटलं. तुला कबूल केलं होतं ना!"

"गप्प बसायचं कबूल केलं होतं. छान म्हणायचं नाही." त्यांचा आवाज कापत होता. "एकेचाळीस वर्षं दोन्ही वेळेला रांधून घालतेय. एकदा तरी हा शब्द काढलात? मला वाटायचं, तुम्हाला तो येतच नाही. आणि आज ह्या कच्च्या बटाट्याला?"

तपासनीस गोंधळले. "अगं, चुकलं तर बोलायचं. बरोबर असेल त्याला काय बोलायचं? बाजारातसुद्धा बरोबर वजनाला मी कधी काही बोललो नाही."

"शिक्का तरी मारायचात ना त्याच्यावर?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने मेनूकार्ड वाचायला घेतलं.

सासूबाईंनी उरलेल्या फोडींची बशी नवऱ्यापुढे सरकवली.

"घ्या. छान आहेत ना?"

तपासनिसांनी एक उचलली, मग दुसरी. सगळ्या संपवल्या. करकर आवाज येत होता आणि आम्हा कुणालाच हसू आलं नाही.