दोन चमचे चहा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि खरं सांगू? सांगावंसं फारसं वाटलंही नाही. मी सुखात आहे. निवृत्तीनंतर जाम गावी घर बांधलं, मागे लिंबाचं झाड आहे, झोप गाढ लागते. मन खात असेल म्हणता? तसंही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हृदयाच्या ऑपरेशननंतर पेशंट ठेवतात, त्या विभागात मी सिस्टर होते. दवाखान्याचं नाव कशाला? चूक माझी होती. कारंज्याचे किराणा दुकानदार रमेशभाऊ बायपास होऊन माझ्याकडे आले होते. कापाकापीनं दमलेल्या हृदयाला जोर यावा म्हणून पंपातून एक औषध हळूहळू शिरेत सोडतात. थकल्या बैलाला तुतारी, खिळ्याची काठी, टोचावी तसं — चालतो खरा, पण टोचतच राहिलं तर उधळतो.

सकाळी राउंडला सर म्हणाले, डोस निम्मा करा. मी हो म्हटलं. आणि — विसरले. कामाची गर्दी होती का? नव्हती. मैत्रिणीच्या लग्नात कोणती साडी नेसायची, ते बोलत बसले होते.

दुपारी रमेशभाऊंची बायको मालूताई भेटून गेली, आणि लगेच नाडी दीडशेवर. ठोके वेडेवाकडे, कपाळावर घाम. पंपाकडे पाहिलं, डोस अजून पूर्णच होता. मुकाट्यानं डोस उतरवला. नाडी खाली आली. कागदावर मात्र वेळ सकाळची लिहिली.

सरांनी विचारलं, असं कशानं झालं? मी तोंड उघडायच्या आत मालूताई दारातून रडत म्हणाली, "मायंच चुकलं जी. त्यायले तलफ आलती, मी चोरून दोन चमचे चहा देल्ला."

दोन चमच्यांनी काय होतं? काही नाही. मला ते ठाऊक होतं. तरी मी तिला झापलं — सगळ्यांसमोर, नवऱ्याचा जीव घेतला असता म्हणून. सरांनी भुवया उंचावल्या, पण पेशंट सावरला होता. ते पुढच्या खाटेकडे गेले.

मालूताईनं त्या दिवसापासून चहा सोडला. रमेशभाऊ ठणठणीत झाले. दुकानात बसून दिवसाला पाच कप पितात. ती करून देते आणि स्वतः पाणी पिते. गावभर सांगते, सिस्टर रागावल्या म्हणून माझं कुंकू टिकलं. दर संक्रांतीला दोघं माझ्याकडे तिळगूळ घेऊन येतात. मला ते आवडतं — हो, आवडतं.

यंदा सून सोबत होती. तिनं सासूला आग्रह केला, इतकी वर्षं झाली, आता तरी चहा घ्या. मालूताई माझ्याकडे वळली.

"सोडू का जी आता नेम, सिस्टर?"

फक्त हो म्हणायचं होतं. कारणसुद्धा तिनं विचारलं नसतं.

"राहू दे ना," मी म्हटलं. "इतकी वर्षं पाळला."

तिनं मान हलवली आणि पाण्याचा पेला उचलला. मी माझा कप संपवला, मग अर्धा कप आणखी घेतला.