भाकरीची साखर

आबांना, माझ्या वडिलांना, प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचं निदान मुंबईला झालं, तेव्हा मी धुळ्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरी त्या ग्रंथीचं नाव कुणी घेत नसे. ‘लघवीच्या जागी गाठ’ एवढंच म्हणत. मुंबईच्या डॉक्टरांनी पाच आठवड्यांनंतरची तारीख दिली होती. त्या दिवसापासून शेक सुरू होणार होता. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे सगळे शेकच म्हणत.

मधल्या दिवसांत मला करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ग्रंथालयातून जीवरसायनशास्त्राचं जाड इंग्रजी पुस्तक आणलं. शब्दकोश शेजारी ठेवून वाचू लागले. एका पानावर होतं, की गाठीच्या पेशी साध्या पेशींपेक्षा किती तरी जास्त ग्लुकोज ओढतात आणि प्राणवायू असतानासुद्धा ते अर्धवटच वापरून आम्ल सोडतात. हे कोणत्या गाठींबद्दल लिहिलं आहे, ते मी पाहिलं नाही. साखर तोडली तर गाठ उपाशी राहील, एवढा अर्थ मी काढला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेले. आमचं गाव शिंदखेड्यापासून थोडं आत. आईनं खापरावर पुरणाचे मांडे केले होते, सोबत आमरस. मी आबांना सांगितलं, गोड काही खाऊ नका. गूळ नाही, केळं नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि भाकरी मागितली. सणाच्या दिवशी भाकरी थापावी लागली म्हणून आई चिडली.

“तुना पुस्तकमा भूक लिखेल शे का?” तिनं मला विचारलं.

दोन दिवसांनी आबा ओट्यावर बसले होते. मला म्हणाले, “भाकरनी बी पोटमा साखरच व्हस का, बाई?”

मी हो म्हणाले. पुस्तकात तसंच होतं. त्यापुढे काही सांगायला हवं होतं, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भाकरी अर्धी केली, आठवड्यानं चतकोर. तोवर मी धुळ्याला परतले होते.

ठरल्या तारखेला आम्ही दोघं दोंडाईच्याहून सुरतमार्गे मुंबईला गेलो. आबांचा सदरा खांद्यावरून घसरत होता. डॉक्टरांनी वजन केलं, रक्त तपासलं आणि सांगितलं, की आज शेक सुरू करता येणार नाही. आजारानं रक्त थोडं उतरतं, पण इतकं नाही. यांचं जेवण कुणी बंद केलं, असं त्यांनी विचारलं.

“मनी आंडेर बी.एस्सी.ले शे,” आबा म्हणाले. “तिनी पुस्तकमा वाचेल शे.”

आवाजात तक्रार नव्हती. मुलीची ओळख करून द्यावी तसं ते सांगत होते.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागदावर एक गोल काढला. गाठीच्या आत जिथं रक्त नीट पोचत नाही, तिथं प्राणवायू कमी असतो, आणि तो नसला की किरणांनी झालेली इजा पेशी भरून काढतात, तग धरतात. अंगात रक्तच कमी असलं तर अशा जागा वाढण्याची भीती. गाठ तिला लागणारी साखर माणसाच्या अंगातून काढून घेतेच. उपास घडतो तो माणसाला.

“यांना आधी जेवू घाला,” ते म्हणाले.

बाहेर बाकावर बसल्यावर मी आबांना सांगितलं, की चूक माझी होती.

“तू वाचेल शे, पन कोनले इचारेल नही,” ते म्हणाले, आणि मग भूक लागल्याचं सांगितलं.

शेक महिनाभर उशिरा सुरू झाला आणि पूर्ण झाला. पुढे एम.एस्सी.ला असताना माझ्या वाचनात आलं, की प्रोस्टेटच्या पेशींची तऱ्हाच वेगळी आहे. सुरुवातीच्या काळात या गाठी साखर फारशी ओढतही नाहीत.

तीन वर्षांनी गाठ त्याच जागी पुन्हा वाढली. मी एकटीच त्या डॉक्टरांकडे गेले. तो महिना गेला नसता तर फरक पडला असता का, असं विचारलं.

“ते सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “मलाच नाही, कुणालाच.”

घरी आल्यावर आबांनी डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. माझा प्रश्न आणि त्यांचं उत्तर, दोन्ही मी जसंच्या तसं सांगितलं. माझ्याकडून काही जोडलं नाही.