पेटीवरचा नंबर

शेंदूरजनाघाटच्या गयासुद्दीनभाईंचा चेहरा थोड्यांना ठाऊक, पण त्यांचा फोन नंबर दूरदूरच्या बाजारांना पाठ. त्यांच्या संत्र्याच्या प्रत्येक पेटीवर तो काळ्या शाईनं छापलेला असतो. आंबिया बहार पिकून बागा पिवळ्याधमक झाल्या, की अकोल्याच्या जुन्या शहरातून त्याच नंबरावर फळांचे व्यापारी गोवर्धनशेठ यांचा फोन येई. फळ कसं आहे ते भाई सांगत आणि त्या शब्दावर ट्रक निघे. उभ्या आयुष्यात दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

यंदा टेलिफोनची तांब्याची तार गेली, काचेची फायबर आली. नंबर गेला तर शेठ दुसऱ्याचा माल घेईल, म्हणून भाईंच्या जिवाला घोर.

"नंबर तोच राह्यते, चाचा," तार जोडणारा अनुप म्हणाला. "आवाज फक्त इंटरनेटवरून जाईन."

त्यानं दुकानातला जुनाच फोन नव्या डबीला जोडला. हिरवे दिवे लागले, तसे भाई खुलले. आल्यागेल्याला डबी दाखवली, चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत निघताना रोजच्या सवयीनं दुकानातली सगळी बटनं बंद केली.

परत येऊन बसले, तर फोन मुका. समोरून दुसऱ्यांचे ट्रक भरून जाऊ लागले. तेवढ्यात त्यांची मुलगी उज्मा आली.

"अब्बा, डबीचं बटन कोनं बंद केलं?"

"मीच. फोनले बटन कवापासून लागते?"

"आता लागते."

तिनं बटन दाबलं. दिवे लुकलुकले, स्थिरावले आणि फोन खणखणला.

"सकायपासून लावून राह्यलो," गोवर्धनशेठ कडाडले. "न सांगता हजले गेला का काय?"

"बटनात अडकलो होतो, शेठ. फळ असं लागलं का फांद्या जमिनीले टेकल्या."

"नात म्हंते मोबाईलवर समोरचं दिसते. दाखव."

भाई दुखावले. "इतके वर्सं माह्या जिभेवर माल घेतला, आता डोये लागते?"

"फळ नाही रे बाप्पा. तुले पाहाचं हाय."

उज्मानं आपल्या मोबाईलवरून शेठच्या नातीला व्हिडिओ कॉल लावून दिला. भाईंनी टोपी सारखी केली. पडद्यावर एक टकला म्हातारा आला.

"आवाजावरून वाटे, तू धिप्पाड असशीन," शेठ म्हणाले.

"मले वाटे, तुमाले केस असतीन."

दोघं असे हसले, की हसता हसता भाईंचे डोळे भरून आले. संध्याकाळी ट्रक अकोल्याला निघाला. पेट्यांवर नंबर तोच होता. डबीच्या बटनावर मात्र भाईंनी स्वतःच्या हातानं चिकटपट्टी लावली.