भुलाबाईचा खाऊ

नालवाडीत माझ्या शेजारी राहणाऱ्या बाईंची एक सवय मी अनेक वर्षे पाहिली होती. रस्त्यावर पावले वाजली की त्या हातातले काम थांबवत आणि फाटकाकडे पाहत.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला त्या मातीची भुलाबाई, म्हणजे माहेरी आलेली पार्वती, मांडत आणि कोजागिरीला तिच्यावर ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर उभा करत. मुलींची भुलाबाईची गाणी म्हणून संपली की झाकलेला डबा हलवायचा आणि आतला खाऊ मुलींनी आवाजावरून ओळखायचा, असा या खेळाचा नियम आहे. पूर्वी त्या ओसरीवर वीसेक मुली दाटीने बसत. ओळखायला जितका वेळ लागे, तितक्या बाई खुलत. "हरलो म्हणा पोरीहो, मंगच झाकण उघडीन," असे त्या बजावत.

गेल्या कोजागिरीला एकही मुलगी आली नाही. मी मखर पाहायला गेलो, तेव्हा बाई एकट्याच गाणी म्हणत होत्या. एकही न गाळता त्यांनी ती पूर्ण केली आणि डबा माझ्या कानाशी हलवला.

"सांगा गुरुजी, काय हाय?"

आयुष्यभर अचूक उत्तराचा आग्रह धरलेला मी तत्काळ म्हणालो, "फुटाणे."

उत्तर बरोबर होते. बाई डब्याकडे पाहत राहिल्या.

"एवढ्या लवकर काऊन ओळखलं जी?" त्या हळूच म्हणाल्या. मग सगळे फुटाणे त्यांनी माझ्या ओंजळीत ओतले.

यंदा भाद्रपदाची पौर्णिमा होऊन गेली. बाईंनी भुलाबाई मांडली नाही. रस्त्यावर पावले वाजली, तरी त्या आता मान वर करत नाहीत.