सावडीतल्या हिरूवहिनी

"काकू, आय गेली." पनवेलहून हिरूवहिनींच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी अंगणात वाल निवडत बसले होते. आजारी म्हणून तो त्यांना तिकडे घेऊन गेला होता; अग्नीही तिकडेच दिला. कळंबजवळच्या आमच्या गावातून जायला तसं उरलंय तरी कोण? पण मला त्यांचं तोंडही पाहता आलं नाही, हे दुःख अजून निवत नाही.

आमच्याकडे भाताची लावणी सावडीने व्हायची. म्हणजे आज सगळ्या बायका माझ्या शेतात, उद्या तुझ्या. मजुरीचा प्रश्नच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा लावणीला बांधावर पाय ठेवायला जागा नसायची. सगळ्यांत पुढे हिरूवहिनी. माझी ओळ वाकडी गेली की म्हणायच्या, "काय गं सुमन, म्हस गेली का हितनं?" मग शहर जवळ येत गेलं. एकेक खाचर विकलं गेलं, तिथे बंगले उठले, आणि ज्या घरचं शेत गेलं त्या घरची बाई सावडीतूनही गेली. शेवटी आम्ही दोघीच राहिलो. वहिनी म्हणाल्या, "आपुन दोगी हाय तवर सावड हाय."

एकदा बंगल्यातली एक मुलगी हौसेने चिखलात उतरली. चार मुठी रोपं लावून निघाली, तर वहिनींनी तिला अडवलं. "आता आमाला तुज्याकडं यावं लागंल. पन तुज्याकडं लावायचं काय... लॉन?" तिघीही पोट धरून हसलो.

गेल्या लावणीला त्यांनी सकाळीच बांधावरून हाक दिली, "चला गं सगळ्या!" डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन मी एकटीच उभी. म्हटलं, "वयनी, सगळ्या कुठं हायत? मी एकटीच हाय."

वाकून रोपांची मूठ सोडत त्या म्हणाल्या, "ठावं हाय गं. पन तुला एकटीलाच हाक मारली, तर तुला एकटं वाटंल."

यंदाही रोपं लावणीला आलीत. माझा मुलगा म्हणतो मजूर आणू, नाहीतर शेत देऊन टाकू. परवा बांधापर्यंत गेले, थोडा वेळ उभी राहिले... आणि परत आले. मुलाला सांगितलं, मजूर आण. मी काही येणार नाही.

वहिनी, मला एकटं वाटलं.