भट्टीमास्तर आणि हवेचा डबा

भट्टीमास्तरांनी आयुष्यात कोणाला शिकवलं असेल तर ते फक्त पावाला, फुगायला. तरी सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची आणि त्यांच्या बायकोला ओघानेच मास्तरीणबाई. बाईंचा शाळेशी संबंध एवढाच, की त्या ज्या चष्म्याच्या दुकानात सकाळचं काउंटर सांभाळायच्या ते शाळेच्या समोर होतं. पण एकदा चिकटलेलं नाव सुटतंय थोडंच!

मास्तरांनी चाळीस वर्षं एकाच बेकरीची भट्टी सांभाळली. माणूस तसा फटकळ. मालकालाही तोंडावर सांगायचे, "तुमचं काम गल्ला, माझं काम माल." मालक हसून सोडून द्यायचा, कारण माल कधी कच्चा निघाला नाही आणि कधी करपला नाही. घरीसुद्धा तोच थाट. जेवायला बसले की पहिल्या घासाआधी ताटावर वाकायचे आणि "वा!" म्हणायचे. भाजी बिघडली असेल तर तेही तिथेच, पहिला घास घेण्याआधीच सांगून मोकळे. बाईंना राग यायचा आणि त्या "वा!"ची वाटही असायची.

असा हा माणूस सात महिन्यांपूर्वी एका दुपारी घरी आला आणि म्हणाला, "उद्यापासून जाणार नाही. गुडघे दुखतात." बाईंना तेव्हाच खटकायला हवं होतं. हेच गुडघे रोज तीन मजले न थांबता चढत होते. पण त्यांना वाटलं, सुटले एकदाचे, आता जरा निवांत बसतील.

निवांतपणा राहिला बाजूला, बाईंच्याच जिवाला घोर लागला. आधी दूध. गॅसवर ठेवून मास्तर पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसले, ते पातेलं काळंठिक्कर पडेपर्यंत उठलेच नाहीत. मग सूप. दोन दिवसांचं, बिघडलेलं, बाईंनी टाकून द्यायला म्हणून ओट्यावर काढून ठेवलेलं. ते त्यांनी वाडग्यात ओतून मुकाट्याने संपवलं. एकदा नीट न वाळलेला, कुबट शर्ट घालून सगळ्या बागेत चक्कर मारून आले. जेवताना "वा!" बंद. बाईंनी विचारलं, "कसं झालंय?" तर आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग म्हणायचे, "छान." आणि गेल्या महिन्यात तर कहर झाला. बाई दुकानातून आल्या तर शेगडी विझलेली, गॅस सुरूच, आणि मास्तर तिथेच टेबलाशी शांतपणे शब्दकोडं सोडवत बसलेले. बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यांनी धावत जाऊन गॅस बंद केला आणि खिडक्या उघडल्या.

त्यांना दिसत होते ते मोठे दीर. मास्तरांच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. सुरुवात गॅसपासूनच. मग नावं गेली, मग घरचा रस्ता गेला, आणि शेवटी एके सकाळी त्यांनी स्वतःच्या बायकोला विचारलं, "आपण कोणाकडे आला आहात?" जाऊबाई तो प्रश्न सांगताना रडायच्याही नाहीत, नुसत्या बघत राहायच्या. बाईंना आता रोज सकाळी उठलं की भीती वाटायची, आज आपल्याला कोण म्हणून विचारतील.

मास्तरांना यातलं अक्षरही कळू न देता त्या लेकीशी फोनवर बोलल्या. लेक परगावी. ती म्हणाली, "आई, हे अंगावर काढायचं नाही. मी गुरुवारची वेळ घेतलीये, मेंदूच्या डॉक्टरांची. बाबांना सांग, साधी तपासणी आहे. आणि त्यांना रिकामं बसू देऊ नकोस, हाताला काम दे." कामही तिनेच पाठवलं. खोक्यातून निघाला एक एअर फ्रायर, सोबत पफ पेस्ट्रीच्या तयार शीट आणि एका कागदावर लिहिलेली कृती. शीटचे चौकोन कापा, मधे शिजवलेलं फळ ठेवा, घडी घाला, बारा मिनिटं लावा. खाली लिहिलं होतं, 'रविवारी येतेय. बाबांच्या हातचे सफरचंदाचे पफ हवेत.'

मास्तरांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. "हा हवेचा डबा? यात भाजणार? आणि हे काय, दुसऱ्याने लाटलेलं पीठ? मग मी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?"

"लेकीने हौसेने पाठवलंय," बाई म्हणाल्या.

"कृतीच्या वर 'अगदी सोपी' असं लिहिलंय. माझ्यासाठी!" तो अपमान मास्तर दिवसभर चघळत होते. पण लेक खाणार म्हटल्यावर त्यांचा नाइलाज होता.

बुधवारी बाई दुकानात निघाल्या तेव्हा मास्तर रविवारची रंगीत तालीम म्हणून सफरचंदं चिरायला बसले होते. फोडी सगळ्या सारख्या, नखाएवढ्या. हात काही विसरलेले दिसत नव्हते, आणि त्यामुळेच बाईंना जास्त वाईट वाटलं. "मी आल्याशिवाय डबा लावायचा नाही," त्यांनी दोनदा बजावलं.

"बरं, बरं," मास्तर म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी भट्टीच्या बाबतीत कोणाचं ऐकलं नव्हतं, तेव्हा आजही ऐकणार नव्हतेच.

दुकानात एक म्हातारे ट्रकवाले आले होते. परवान्यासाठी डोळे तपासायचे होते. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी तक्त्यावरची अक्षरं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून पाठ केली आणि मग खुर्चीत बसून घडाघडा म्हणून दाखवली. बाईंना हे रोजचंच. त्यांनी तक्ता उलटवला. तसे ट्रकवाले थांबले, बाईंच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घेऊ लागले आणि एकेक अक्षर चाचपत बोलू लागले. बाईंनी हसून त्यांना जाड भिंगाची फ्रेम दाखवली.

बाराच्या सुमाराला त्या घरी परतल्या. पहिल्याच मजल्यावर त्यांना जळका वास आला आणि दुसऱ्यावर तर तो नाकात भरला. पिशवी जिन्यातच टाकून त्या धावल्या. दार ढकललं तर स्वयंपाकघरात निळसर धूर, हवेचा डबा घुरघुरतोय, आणि त्याच्याकडे पाठ करून मास्तर टेबलावर पफच्या घड्यांच्या कडा काट्याने दाबत उभे. वर गाणंही गुणगुणत होते.

बाईंनी प्लग ओढला. डबा उघडला तर नुसता कागद. भट्टी आधी तापवून घ्यायची ही मास्तरांची जन्माची सवय. त्यांनी रिकाम्या जाळीत कागद अंथरून यंत्र सुरू केलं होतं. वर काही वजन नाही, तेव्हा आतल्या वाऱ्याने कागद उडाला, वरच्या तापलेल्या तारेला चिकटला आणि करपून गेला.

"अरेच्चा," मास्तर वळून म्हणाले. "हा कधी लागला?"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. झालं, त्यांना वाटलं. उद्या डॉक्टर जे सांगतील ते आजच कळलं. खोलीभर धूर आहे आणि या माणसाला पत्ता नाही. त्यांना रडू फुटलं.

"अगं, कागदच जळालाय. पफ इथे आहेत सगळे," मास्तर गडबडून म्हणाले. "वास गेला की लावू परत."

"गेला का वास?" बाईंनी रडतच विचारलं.

मास्तरांनी नाक वर करून एक श्वास घेतला. मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग चाचपत म्हणाले, "हो... गेला की बराचसा."

बाई रडायच्या थांबल्या. जळक्या वासाने त्यांचं नाक अजून भरलेलं होतं. आणि हे असं चेहरा बघून उत्तर देणं तर त्यांनी तासाभरापूर्वीच पाहिलं होतं. त्या उठल्या, फडताळातली व्हॅनिला इसेन्सची बाटली काढली, लेबलावर हात धरला आणि टोपण उघडून मास्तरांच्या नाकाखाली धरली. "काय आहे? माझ्याकडे बघायचं नाही. डोळे मिटा."

मास्तरांनी डोळे मिटले. दोनदा हुंगून बघितलं. मग हळूच म्हणाले, "पाणी?"

"अहो, कधीपासून?"

"बेकरी सोडायच्या दीड-दोन महिने आधी ताप आला होता ना, त्यानंतर," मास्तर म्हणाले. डोळे मिटलेलेच. "वाटलं येईल परत. महिनाभर थांबलो. मग दोन ट्रे जाळले. सगळ्यांसमोर. माझ्या भट्टीचा काटा म्हणजे माझं नाक, घड्याळ मी कधी बघितलंय का? एखादा गवई बहिरा झाला तर गावभर सांगत सुटेल का? गुडघे म्हणालो आणि आलो निघून."

"मला तरी सांगायचं!"

"तुला काय सांगू? तुझ्या हातचं जेवण मला भुशासारखं लागतं, हे सांगू?"

दूध, सूप, शर्ट, गॅस, सगळं बाईंच्या डोळ्यांपुढून एकदा गेलं, आणि त्यांचा जीव असा काही भांड्यात पडला की त्या धुरातच मोठमोठ्याने हसायला लागल्या. "नाक गेलंय होय! अहो, मला वाटलं डोकं गेलं!"

"डोकं?" मास्तर उसळले. "माझं? बेकरीतल्या एकोणीस मालांची मापं आत्ता इथे तोंडपाठ म्हणून दाखवतो!"

"दाखवा," बाई म्हणाल्या.

आणि मास्तरांनी खरंच दाखवली. मैदा किती, साखर किती, बटर किती, कोणत्या पिठाला किती वेळ झाकून ठेवायचं. मध्ये एकदा स्वतःचंच चुकलेलं त्यांनी स्वतः दुरुस्त केलं. बाई मोरीपाशी जाळी घासत ऐकत होत्या आणि डोळ्यांतलं पाणी कोपराने पुसत होत्या. त्यांना त्यातलं एकही माप कळत नव्हतं आणि एकही ऐकायचं चुकवावंसं वाटत नव्हतं. एकोणिसावा माल संपल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला. "उद्याची ती वेळ बदल गं. कान-नाक-घशाचे डॉक्टर बघ." लेकीने कारण ऐकलं आणि तिकडे तीही रडायला लागली. मास्तर विचारत होते, "कसली वेळ? कोणाची वेळ?" गॅसपाशी एकट्याने जायचं नाही, एवढं मात्र बाईंनी त्यांच्याकडून तिथल्या तिथे कबूल करून घेतलं. मेंदूच्या डॉक्टरांचं सांगायला दुपारही होती आणि संध्याकाळही.

मग दोघांनी मिळून पफ लावले. या वेळी कागद नाही. जाळीला बटरचं बोट, वरून दुधाचा हात, आणि वाफ जायला प्रत्येकावर सुरीची एक चीर. चार-पाच मिनिटं गेली.

"कसा वास येतोय?" मास्तरांनी विचारलं.

"छान."

"छान हा काय वास आहे? नीट सांग."

बाईंनी डब्यापाशी नाक नेलं. असं त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. "सफरचंदाचा येतोय. आणि खालून कच्च्या पिठाचा."

"मग वेळ आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"पिठाचा गेला. बटरचा येतोय. म्हणजे, भाजलेल्या बटरचा. आणि साखर... जळत नाहीये, पण आता जळेल की काय असं वाटतंय."

"बंद कर!"

यंत्राची दोन मिनिटं अजून शिल्लक होती. बाईंनी बंद केलं. आतले सहाही पफ सारखे फुगलेले, सारखे तांबूस, एकाचीही कड सुटलेली नाही. मास्तरांनी एक उचलला, फुंकर मारून तोडला, आतले पापुद्रे उजेडात धरून बघितले आणि तोंडात टाकला.

"गोड आहे आणि कुरकुरीत आहे," ते म्हणाले. "बाकी मला काही कळत नाही. तू खा आणि सांग."

बाईंनी घास घेतला. "आधी बटर लागतं," त्या सावकाश, विचार करत म्हणाल्या. "मग सफरचंद, थोडं आंबट. मग दालचिनी. आणि गिळल्यावरसुद्धा घशाशी काहीतरी तिखट रेंगाळतंय."

"म्हणजे दालचिनी चिमूटभर जास्त पडली," मास्तर म्हणाले.

बाईंनी दुसरा घास घेतला. खरंच जास्त पडली होती.