खाली धरलेला हात

आई योगेश्वरीच्या चरणी मस्तक ठेवून हे लिहीत आहे. घटस्फोटानंतरच्या पोटगीचा कायदा बदलावा, यासाठी उद्या आम्ही काही जणी केजच्या तहसील कार्यालयात निवेदन देणार आहोत. त्याला जोडायचे हे माझे कथन.

“काकू, हात जरा खाली घ्या. साहेबांचा हात वर दिसू द्या.”

फोटोग्राफर मला सांगत होता. मंगल कार्यालयाच्या व्यासपीठावर मी उभी. ओंजळीत साडी, नारळ आणि एक पाकीट. समोर साहेब. एके काळचे माझे पती. मागे त्यांच्या वाढदिवसाचा फलक : ‘निराधार भगिनींना मदतीचा हात’.

मी निराधार नव्हते. माझे वडील संस्कृतचे अध्यापक. त्यांच्यापाशी बसून मी शिकले. देवपूजा आणि संसार, दोन्ही सारख्याच निष्ठेने केले. उतारवयात साहेबांना दुसरे घर हवेसे झाले. मी घटस्फोटाच्या कागदांवर सही दिली. न्यायालयाने दरमहा पोटगी ठरवली. ती काही महिने आली, मग थांबली. विचारले की त्यांचा सहायक म्हणे, “बघू.”

एक दिवस त्याचाच फोन आला. “काकू, तुमच्या पोटगीचं पाकीट तयार हाय. रविवारी मंगल कार्यालयात या. साहेब सोताच्या हातानं देणार हायेत.”

औषधे संपली होती. मी गेले. फलक वाचून होईतो निवेदकाने ध्वनिक्षेपकावर माझे नाव पुकारले.

“या काकू, लाजू नका! साहेबांचं काळीज लई मोठं हाय!”

टाळ्या. मी गोंधळले. ओंजळ आपोआप पुढे झाली. एक फोटो निघाला. फोटोग्राफरला दुसरा हवा होता, हात खाली घेतलेला.

खाली.

वडिलांनी शिकवले होते : आपल्या मालकीची वस्तू ‘न मम’ म्हणून सोडणे, याला दान म्हणतात. जे मुळात दुसऱ्याचेच आहे, त्याचे दान होत नाही. ते फेडायचे देणे असते. हा पाठ मी जन्मभर म्हटला. कळला त्या व्यासपीठावर.

साडी टेबलावर ठेवली. नारळ ठेवला. पाकीट हातात धरून निवेदकाला म्हणाले, “ही मदत नाही. न्यायालयाने ठरवलेली माझी पोटगी आहे. तसे जाहीर करा.”

माझ्यामागे रांगेत उभी असलेली एक बाई कुजबुजली, “घे की माय गपचिप. कावून आगीत हात घालायलीस?”

साहेब हसतच होते. कॅमेरा समोर होता. हसता हसताच हळू आवाजात म्हणाले, “घ्यायचं तर असंच घे. न्हाईतर जा पुन्हा कोर्टात. तेवढं आयुष्य हाय का तुझं?”

“आहे.”

त्यांनी पाकीट माझ्या हातून ओढून खिशात घातले. मी पायऱ्या उतरले.

थकलेल्या पोटगीसाठी अर्ज केला. पहिल्याच तारखेला त्यांच्या वकिलांनी पुरावा पुढे केला. तो पहिला फोटो. माझी ओंजळ आणि तिच्यात पाकीट. म्हणाले, “पोटगी पोहोचली आहे.” तेव्हापासून तारखाच चालू आहेत. औषधे उधारीवर.

म्हणून आमची मागणी अशी. निकाल लागताच पोटगी देणाऱ्याच्या उत्पन्नातून ती थेट स्त्रीच्या खात्यात वळती व्हावी. थकली, तर जाब न्यायालयानेच विचारावा. बाईने अर्ज घेऊन फिरू नये. कायदा असा होईपर्यंत मी एकही तारीख चुकवणार नाही, आणि माझ्याच हक्कासाठी कोणापुढे ओंजळ धरणार नाही. रांगेत कुजबुजलेली ती बाई उद्या आमच्यासोबत आहे. तिचीही पोटगी अडलेली आहे.

वाचणाऱ्या, तुझ्या घरी आई योगेश्वरी नांदो. तुझ्या उंबऱ्याआत कुणा स्त्रीचे देणे अडले असेल, तर ते आजच फिटो. आणि तुझ्या लेकीला कुणी कधी न सांगो, की हात जरा खाली घे.